बांधाचा वाद कायद्याने मिटवताना या चुका टाळा

शेजाऱ्याने बांध कोरल्याची शंका आली की माणूस आधी भांडतो, मग पोलीस ठाण्यात जातो, त्यानंतर वकिलाकडे जातो आणि सर्वांत शेवटी मोजणीचा अर्ज करतो. महाराष्ट्रातील शेतजमिनीचे अनेक वाद या उलट्या क्रमामुळेच रेंगाळतात, कारण हद्द नेमकी कोठे आहे हे अधिकृतपणे निश्चित झाल्याशिवाय अतिक्रमण झाले की नाही, हे पोलिसांना, वकिलाला किंवा न्यायाधीशालाही सांगता येत नाही.

पहिली चूक सातबाऱ्याविषयीच्या गैरसमजातून होते. सातबारा क्षेत्र सांगतो, रेषा सांगत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील, म्हणजे सातबाऱ्यासारख्या महसुली दप्तरातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. परंतु केवळ महसुली नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे. हद्दीसाठी गट नकाशा, टिपण (मूळ मोजणीची मापे असलेला कच्चा नकाशा), गुणाकार बुक (क्षेत्राच्या आकडेमोडीची नोंदवही) आणि पोटहिस्से पडले असतील तर फाळणीचा नकाशा, या अभिलेखांच्या नकला भूमी अभिलेख कार्यालयातून काढाव्या लागतात. खरेदीखतातील चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींचे वर्णनही काळजीपूर्वक वाचावी, कारण लिहिलेले क्षेत्र आणि स्पष्ट वर्णन केलेली चतुःसीमा यांत तफावत असल्यास सर्वसाधारणपणे चतुःसीमेला अधिक वजन मिळते. घरच्या टेपने आजच्या बांधापासून माप घेऊन ‘माझे दोन गुंठे कमी भरतात’ असा निष्कर्ष काढणे तर पूर्णपणे टाळावे. जुन्या अभिलेखांतील मापे 33 फुटी साखळीची आणि तिच्या 16 आण्यांची (म्हणजे समान भागांची) आहेत, आणि ज्या बांधापासून आपण मोजतो तोच सरकलेला असू शकतो.

हद्द कायम मोजणीचा, म्हणजे अभिलेखांवरून जागेवर हद्द निश्चित करून घेण्याचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे करावा लागतो. सर्वाधिक नुकसान करणाऱ्या चुका याच टप्प्यावर होतात, असे माझे मत आहे. अर्जात लगतच्या सर्व कब्जेदारांची नावे आणि पत्ते अचूक दिले नाहीत, तर ‘मला नोटीसच मिळाली नाही’ असा आक्षेप शेजारी पुढे घेतो आणि सगळी मोजणी संशयास्पद ठरते. दुसऱ्या बाजूला, शेजाऱ्याने मागवलेल्या मोजणीची नोटीस घेण्यास नकार देणारा किंवा त्या दिवशी मुद्दाम गैरहजर राहणारा मनुष्य स्वतःचेच नुकसान करून घेतो, कारण त्याच्या गैरहजेरीत मोजणी थांबतेच असे नाही आणि आपली वहिवाट कोठपर्यंत आहे हे भूकरमापकाला (मोजणी करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याला) दाखवण्याची संधी मात्र हातची जाते. जागेवर हजर राहावे, आक्षेप असल्यास तो शांतपणे लेखी द्यावा आणि न वाचता कोणत्याही जबाबावर सही करू नये. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी (फेरतपासणीची मोजणी) करून घेण्याची सोय आहे; रोवलेल्या खुणा रात्रीतून उपटून टाकणे हा उपाय नव्हे, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 145 नुसार दंडास पात्र कृत्य आहे.

मोजणीत अतिक्रमण दिसले, तरी मोजणीचा नकाशा म्हणजे ताब्याचा हुकूम नव्हे. नकाशा हातात येताच ट्रॅक्टर घालून बांध सरकवणारा शेतकरी खरा मालक असूनही फौजदारी प्रकरणात आरोपी होतो. याउलट केवळ पोलिसांवर विसंबून राहणेही चुकीचे आहे, कारण पोलिसांचे काम शांतता राखणे हे आहे आणि मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालयाचा आहे.

दिवाणी दावा कोणत्या स्वरूपाचा करायचा, याबाबत घाई करू नये. शेजाऱ्याने जमीन आधीच कसायला घेतली असताना केवळ मनाई हुकुमाचा दावा केला, तर ताबाच आपल्याकडे नसल्यामुळे तो टिकत नाही. अशा वेळी ताबा परत मागावा लागतो आणि मालकीवरच वाद असेल तर ती घोषित करण्याची मागणीही जोडावी लागते. आपण आधी केलेली मोजणी न्यायालयात आपोआप पुरावा ठरत नाही, ती सिद्ध करण्यासाठी भूकरमापकाची साक्ष लागते. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तामार्फत मोजणी करण्याचा अर्ज योग्य वेळी द्यावा, असा आग्रह आपल्या वकिलाकडे धरावा.

‘बघू पुढच्या हंगामात’ ही वृत्ती फार महाग पडते. बेकायदा रीतीने ताबा काढून घेतला गेला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 किंवा विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम 6 यांखाली झटपट दाद मागण्याची मुदत फक्त 6 महिने आहे. मालकीच्या आधारे ताबा मागण्यासाठी 12 वर्षे मिळतात खरी, परंतु तेवढा काळ शेजाऱ्याचा उघड आणि प्रतिकूल (मालकाचा हक्क नाकारणारा) ताबा अखंड राहिला, तर आपला हक्कच नष्ट होऊ शकतो. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबलेल्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळू शकतो.

तडजोड होत असेल तर ती जरूर करावी, मात्र तोंडी करू नये. पंचांसमोर ठरलेली रेषा पुढच्या पिढीला माहीत नसते, आणि साध्या कागदावर जमिनीची अदलाबदल लिहून घेतल्याने मालकी बदलत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्तच लागतो. दावा चालू असल्यास तडजोड लोकअदालतीत नोंदवावी, कारण तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील होत नाही आणि भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते. हद्द ठरल्यानंतर दोघांच्या उपस्थितीत पक्के दगड रोवून घ्यावेत, त्यांची छायाचित्रे काढून नकाशासोबत ठेवावीत आणि प्रत्येक नांगरणीनंतर ते जागेवर आहेत की नाही हे पाहावे, कारण आपल्या जमिनीच्या हद्दखुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी कायद्याने जमीनधारकावरच टाकलेली आहे.