लोकरीच्या सपाता गरम पाण्यातही आटत नव्हत्या : माझा अनुभव

घरी विणलेल्या सपाता मुद्दाम आटवून घट्ट करायच्या होत्या, म्हणून वॉशिंग मशीनमध्ये 60 अंशांवर तीनदा धुतल्या, तरी त्या आटल्या नाहीत. उलट सैल पडल्या आणि प्रत्येक टाका सुटा दिसत राहिला. साबण वाढवला, रात्रभर भिजवूनही पाहिले. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेल्याचा संताप आला.

दोष लोकरीतच होता. गुंड्याच्या पट्टीवर बारीक अक्षरांत ‘सुपरवॉश’ असे छापलेले होते, म्हणजेच तंतूंवरचे जे खवले एकमेकांत अडकून लोकर घट्ट होते, ते प्रक्रियेने निकामी केलेले होते.

मग प्रक्रिया न केलेली, शंभर टक्के मेंढीची लोकर आणली. आधी 10 सेंटिमीटरचा चौकोन विणून साबणाच्या गरम पाण्यात चोळला आणि टाके दिसेनासे झाल्यावरच पुढे गेले. 24 सेंटिमीटरच्या पावलासाठी 6 मिलिमीटरच्या सुयांवर, टाचेकडून बोटांकडे, 33 सेंटिमीटर लांबीची सैल वीण घातली, कारण विणीची लांबी रुंदीपेक्षा अधिक आटते. दोन्ही सपाता जाळीच्या पिशवीत घालून दोन जुन्या जीन्ससोबत गरम पाण्यात फिरवल्या. साबण चमचाभरच घातला, कारण फेस जास्त झाला की घर्षण कमी होते. दर पाच मिनिटांनी मशीन थांबवून माप पाहिले. डावी आधी आटली, म्हणून ती काढून उजवी आणखी पाच मिनिटे ठेवली. पिळणीला लावल्यास कायमच्या घड्या पडतात, म्हणून गार पाण्यातून काढून टॉवेलमध्ये दाबल्या, ओल्याच पायात घालून आकार दिला आणि सावलीत दोन दिवस वाळवल्या.