गुंतागुंत नसलेल्या हिवतापावरील औषधाची परिणामकारकता कशी तपासावी

रुग्णाचा ताप उतरला म्हणून औषध लागू पडले, असे हिवतापात म्हणता येत नाही. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, परंतु रक्तात उरलेले मोजके परजीवी काही आठवड्यांनी पुन्हा डोके वर काढू शकतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार किमान 28 दिवस, आणि पायपेराक्विन किंवा मेफ्लोक्विन यांसारखे शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे औषध असल्यास 42 दिवस पाठपुरावा करावा लागतो.

चाचणीत फक्त प्लाझमोडियम फाल्सिपेरम या जातीच्या हिवताप-परजीवीचा संसर्ग असलेले रुग्ण घ्यावेत. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीत यकृतात दडलेले परजीवी पुन्हा उठतात, त्यामुळे त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. झटके येणे, शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या होणे अशी लक्षणे असलेल्यांना तसेच गर्भवतींना सहसा वगळतात. संमतीपत्र आधी घ्यावे. लहान मुलांच्या बाबतीत ते पालकांकडून घ्यावे. औषध अपयशी ठरण्याचे अपेक्षित प्रमाण 5 टक्के व अचूकता अधिक-उणे 5 टक्के धरल्यास 73 रुग्ण पुरतात. पाठपुराव्यातून गळणाऱ्यांसाठी 20 टक्के वाढवून 88 घ्यावेत.

डोस वजनानुसार ठरवून प्रत्येक वेळी कर्मचाऱ्यासमोरच द्यावा आणि रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवावे. तेवढ्यात उलटी झाली, तर पूर्ण डोस पुन्हा द्यावा. हे काम कंटाळवाणे असते, पण गोळ्या घरी पाठवल्या, तर शेवटी आपण औषधाची परीक्षा घेतली की रुग्णाच्या शिस्तीची, हे सांगता येत नाही.

पहिला दिवस शून्य धरून 1, 2, 3, 7, 14, 21 आणि 28 व्या दिवशी, शिवाय मध्येच ताप आल्यास त्याही दिवशी, रक्ताची काचपट्टी तयार करावी. गिम्सा रंग (परजीवी उठून दिसावेत म्हणून वापरला जाणारा रंग) दिलेल्या रक्ताच्या जाड थरात 200 पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी दिसले, ते नोंदवावे. समजा 320 दिसले. एका मायक्रोलिटर रक्तात 8,000 पांढऱ्या पेशी गृहीत धरून 320 ला 8,000 ने गुणून 200 ने भागले, की घनता 12,800 येते. प्रत्येक काचपट्टी दोन तंत्रज्ञांनी एकमेकांचा आकडा न पाहता वाचावी आणि दोघांत मोठी तफावत आढळल्यास तिसऱ्याकडे द्यावी.

या उदाहरणात तिसऱ्या दिवशी घनता 3,200 किंवा त्याहून अधिक, म्हणजे मूळच्या निदान चतुर्थांश राहिली, तर ताप नसला तरी ते लवकर आलेले अपयश समजावे. दुसऱ्या दिवशीची घनता शून्य दिवसापेक्षा वाढली, तरीही तोच निष्कर्ष काढावा. चौथ्या दिवसापासून परजीवी पुन्हा दिसले, तर ते उशिराचे अपयश असू शकते. पण तो जुनाच संसर्ग आहे की नव्या डासदंशाने झालेला, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही. त्यासाठी शून्य दिवशी आणि परजीवी पुन्हा दिसले त्या दिवशी गाळणकागदावर रक्ताचे थेंब वाळवून ठेवावेत व पीसीआरने (जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून तपासण्याच्या पद्धतीने) दोन्ही नमुन्यांतील परजीवींचे जनुकीय ठसे ताडून पाहावेत. ठसे जुळले, तरच दोष औषधाकडे जातो.

पाठपुराव्यातून निसटलेल्यांना बरे झालेल्यांत मिळवू नये. कॅप्लन-मायर या सांख्यिकी पद्धतीत ते शेवटच्या भेटीपर्यंतच मोजले जातात. पीसीआरने दुरुस्त केलेले, म्हणजे नवे संसर्ग वगळून उरलेले, अपयशाचे प्रमाण 10 टक्क्यांच्या पुढे गेल्यास ते औषध बदलण्याची शिफारस आहे, तर नव्याने स्वीकारायच्या औषधाची परिणामकारकता निदान 95 टक्के असावी लागते.