लावणीतला ताप अंगावर काढू नका

भाताच्या लावणीच्या दिवसांत कोणाच्या पोटऱ्या दुखत नाहीत? सकाळी चिखलात उतरलेली बाई दुपारी पेजेपुरती बांधावर येते, ती पुन्हा दिवस मावळेपर्यंत वाकलेलीच. रात्री पाय ठणकतात, कंबर धरते. भिजून थोडी कणकण आली तर त्याचंही कोणाला नवल वाटत नाही. लेप्टो, म्हणजे उंदरा-गुरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा जंतूचा ताप, नेमका इथेच फसवतो. ताप, डोकं धरणं, पोटऱ्या आणि कंबर भरून येणं ही त्याची सुरुवात लावणीच्या शिणासारखीच असते. ‘शीण आहे, उतरेल’ म्हणत चार दिवस जातात आणि मग डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली की घरात धावाधाव सुरू होते.

म्हणून या हंगामापुरता एकच नियम पाळा. नुसत्या शिणाला ताप नसतो. गेल्या महिनाभरात चिखलात किंवा गोठ्यात काम झालं असेल आणि अंगात ताप भरला, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

महिनाभर म्हणण्याला कारण आहे. जंतू अंगात शिरल्यावर ताप बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांनी येतो, पण दोन दिवसांतही येऊ शकतो आणि तीस दिवसांपर्यंतही लांबू शकतो. म्हणजे लावणी उरकून माणूस घरी बसलेला असतो, तेव्हा ताप येतो आणि चिखलाची आठवणही कोणी काढत नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं: ‘लावणीला होतो, घरात गुरं आहेत, पायाला जखम आहे.’ एवढ्या तीन वाक्यांवरून उपचाराची दिशा बदलू शकते.

लेप्टो म्हटलं की अनेकांना २६ जुलै २००५ चा मुंबईचा पूर आणि त्यानंतरची तापाची साथ आठवते. त्यामुळे हा शहरातल्या गटारांचा रोग असा समज झाला. प्रत्यक्षात कोकणपट्टी, दक्षिण गुजरात, केरळ, अंदमान अशा भाताच्या आणि भरपूर पावसाच्या मुलखात तो जुनाच आहे. उंदीर, घुशी, गायी-म्हशी, बैल, डुकरं, कुत्री यांच्या मूत्रपिंडात हा जंतू घर करतो आणि मुतातून बाहेर पडतो. उंदीर तर जन्मभर तो बाळगतो आणि त्याला काहीही होत नाही. साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतो. कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्याला सोसत नाही, आणि जुलैत आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

आता आपल्या मळ्यात काय होतं ते बघा. बांधात उंदरांची बिळं असतात. चिखलणीला बैल उतरतात ते तिथेच मुततात. गोठ्याची मोरी पावसाच्या लोंढ्याबरोबर खालच्या वाफ्यात येते. आणि त्या पाण्यात आपण भेगाळलेले, चिखल्या झालेले पाय घेऊन दिवसभर उभे. बोटांच्या बेचक्यातली चिखली ही या जंतूला उघडी खिडकीच. खरचटणं, विळ्याचा काप, डोळ्यात उडालेलं पाणी यांतूनही तो शिरतो.

गमबूट वापरा, असं प्रत्येक पत्रकात छापलेलं असतं. ज्यांनी ते छापलं त्यांनी एकदा गमबूट घालून गुडघाभर चिखलात रोपं लावून बघावीत. बूट चिखलातच राहतो आणि पाय मोकळा बाहेर येतो. तेव्हा लावणीत गमबुटाचा हट्ट नको. पण गोठा झाडताना, मोरी काढताना, बांध तासताना, पाट साफ करताना, शेणखत ओढताना मात्र तो घालाच. तिथे तो घालता येतो आणि धोकाही तिथे कमी नसतो.

लावणीत उतरताना जखमेकडे लक्ष द्या. सकाळी निघण्यापूर्वी हातापायांवरून नजर फिरवा. काप, खरचट असेल तर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावा. जखम मोठी असेल तर त्या माणसाला चिखलात उतरवू नका. तरवा (भाताची रोपं) काढून जुड्या बांधायचं कामही पाण्यातलंच आहे, तेही नको. स्वयंपाक, ने-आण असली कोरडी कामं त्याच्याकडे द्या. भेगांवर कोकमाचं तेल भरायची आपली पद्धत चांगली आहे, रात्री जरूर भरा, कातडी मऊ राहते. पण तेल लावलं म्हणजे जंतू अडला असं नाही. चिखल्यांवर बुरशीचं मलम लागतं, ते आरोग्य केंद्रात मागा. घरी आल्यावर विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने, साबण लावून पाय धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. पाटातल्या किंवा वाफ्यातल्या पाण्याने धुतलेले पाय धुतल्यात जमा नाहीत. त्याच पाण्याने चूळ भरायची सवयही सोडा.

ज्या गावात लेप्टोचे रुग्ण निघतात, तिथे शेतात राबणाऱ्या मोठ्या माणसांना आरोग्य विभागामार्फत आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची २०० मिलिग्रॅमची मात्रा दिली जाते, जास्तीत जास्त सहा आठवडे. आशाताई गोळ्या घेऊन आल्या तर त्या कोनाड्यात ठेवून देऊ नका. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर घशापासून पोटापर्यंत जळजळतं. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही गोळी चालत नाही. दुकानातून आपल्या मनाने आणूनही घेऊ नका.

ताप आल्यावर अंगदुखीच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊन पुन्हा शेतात उतरणं सगळ्यात वाईट. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधं मूत्रपिंडावर ताण आणतात आणि लेप्टो आधीच मूत्रपिंडावर बसलेला असतो. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, पेज एवढंच पुरे. डोळे लाल होऊन चिपडं मात्र नाहीत, पोटरीला नुसता हात लावला तरी माणूस कळवळतो, या खुणा दिसल्या तर संशय पक्का समजा. लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं, दम लागणं, खोकल्यातून रक्त पडणं यांतलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा, गावात वेळ घालवू नका. आणखी एक गोष्ट: पहिल्या चार-पाच दिवसांत रक्ताची नेहमीची तपासणी लेप्टो ‘नाही’ असं दाखवू शकते, कारण ती ज्या प्रतिपिंडांवर (जंतूशी लढायला अंग बनवतं त्या घटकांवर) चालते ती अंगात तयार व्हायला वेळ लागतो. अहवाल चांगला आला म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध सोडू नका. वेळेत सुरू केलं तर साधं प्रतिजैविकही या जंतूवर चालतं.

गोठ्याकडेही याच दिवसांत बघायला हवं. गाय गाभडली (गर्भ पडला), दूध एकाएकी आटलं, कास ढिली असूनही दुधात लाली आली, वासराला लाल लघवी होऊ लागली, तर पशुवैद्यकांना बोलवा. लाल लघवी गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही होते, तेव्हा घरच्या घरी निदान नको. गाभडण्यामागे लेप्टो असेल किंवा ब्रुसेला हा गुरांना गाभडवणारा दुसरा जंतू, माणसाला दोन्ही लागतात. ब्रुसेलाचा ताप महिनोन् महिने येत-जात राहतो, सांधे धरतात, रात्री घाम फुटतो. अडकलेली वार (गर्भाचं आवरण) उघड्या हाताने ओढू नका. गाभडलेलं वासरू आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. काही ठिकाणी दूध वाढावं म्हणून वार झाडाला टांगतात. दूध त्याने वाढत नाही, कुत्र्या-कावळ्यांचं मात्र फावतं आणि रोग चार गोठ्यांत जातो. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना ब्रुसेलाची लस एकदा टोचून घ्या, सरकारी मोहिमेत ती मोफत मिळते. नर वासरांना ती देत नाहीत. आणि दूध उकळूनच प्या. धारोष्ण दुधाचं कौतुक आता पुरे.

जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ते काठीने ढवळा, हात घालून नव्हे. आजारी किंवा नुकत्याच गाभडलेल्या जनावराचं गोमूत्र त्यात घेऊ नका.

उंदरांचा बंदोबस्त एकट्याने करून भागत नाही, कारण तुमच्या मळ्यातला उंदीर शेजाऱ्याच्या बांधात जातो. सगळ्या वाडीने एकाच दिवशी संध्याकाळी बिळं बुजवावीत आणि दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील, त्यांतच कृषी सहायकांच्या सल्ल्याने आमिष घालावं. बांध रुंद असले की उंदरांना बिळं करायला जागा मिळते, म्हणून तासताना ते बारीकच ठेवा. मेलेला उंदीर हाताने उचलू नका, फावड्याने उचलून पुरा. माळ्यावरची भाताची पोती भिंतीपासून सुटी ठेवा आणि त्यांना हात लावल्यावर हात धुवा.

लावणी सावडीने, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून होते तिथे कोण आजारी पडलं हे लगेच कळतं. पण बाहेरून आलेले गडी ताप आला तरी बोलत नाहीत, मजुरी बुडेल म्हणून. आशाताईंच्या यादीतही त्यांची नावं नसतात. गोळ्या वाटायला त्या आल्या की आपल्या शेतावरच्या गड्यांची नावं आपणच त्यांना सांगायची आणि कोणाला ताप आला तर त्या दिवसाची मजुरी कापायची नाही.