परतवाड्याच्या लग्नाआधी जुन्या व्हॅनची तयारी

मे महिन्यात परतवाड्याला मामेभावाच्या पोरीचं लग्न आहे. दारव्ह्याहून कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव करत दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतं. एके काळी साधारण हीच वाट शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीची होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, तिथून अचलपूर ७६. १९९४पर्यंत वाफेवर, नंतर डिझेलवर. रमतगमत जायची, पण पोचवायची. आता ती बंद, म्हणून आठ माणसं, आहेराच्या पिशव्या आणि मायची औषधाची डबी असा सगळा भार आमच्या २००९च्या व्हॅनवर. निघायला तीन आठवडे आहेत. एवढे लागतातच, कारण तालुक्याच्या दुकानात न मिळालेला सुटा भाग यवतमाळ-अमरावतीहून यायला चार दिवस जातात आणि लग्नसराईत मिस्त्री हाती लागत नाही.

यादी मी इंजिनापासून सुरू करत नाही, सरकत्या दारापासून करतो. इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ते खोकललं तरी शेजारचे चार जण येऊन सल्ला देतात. दाराकडे मात्र ते हातात येईपर्यंत कोणी पाहत नाही. आमचं तीन वर्षांपूर्वी खरोखरच हातात आलं. एका लग्नाला जाताना कारंज्याच्या अलीकडे रसवंतीवर थांबलो होतो. रस पिऊन झाल्यावर भाच्याने दार एक हिसका देऊन मागे ओढलं, तर मधला रोलर पट्टीतून सुटला आणि दार पुढच्या टोकावर तिरपं लटकलं. शेजारच्या शेतातून बैलाचं दावं मागून आणलं, दार त्याने सीटला बांधलं आणि उरलेला सगळा रस्ता दोन माणसं आतून दार धरून बसली. त्यातले एक नवरदेवाचे काका होते. ते अजून बोलून दाखवतात.

तेव्हा कळलं की सरकतं दार तीन ठिकाणी पेललेलं असतं. पुढच्या बाजूला वर एक रोलर, खाली पायरीजवळ एक, आणि मागच्या कडेला मध्यावर एक. हा मधला रोलर गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या पट्टीत धावतो. झिजतो जास्त करून तोच, कारण दाराच्या मागच्या टोकाचा भार त्याच्यावर आणि धूळही सगळ्यात जास्त तिथेच. दार अर्धं उघडा, मागची कड दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवून पाहा. किंचित हललं तर चालतं. खडखडलं, किंवा कड बोटभर उचलली गेली, तर रोलरचा बेअरिंग गेला समजा. दुसरी खूण म्हणजे दार लावताना उचलून लावावं लागणं. घरातल्या बायांना हे आधी कळतं, कारण मागे बसतात त्या. आमच्या घरच्यांनी वर्षभर सांगितलं होतं की दार उचलल्याशिवाय लागत नाही. मी म्हणायचो, जोरात ओढ ना. जोरात ओढूनच ते गेलं.

रोलर बदलायचा नसला तरी पट्टी साफ करायलाच हवी. आमच्या व्हॅनमधून कापसाची बोंदरी जातात, ढेपेचं पोतं जातं, कोंबड्याही गेल्या आहेत. खालच्या पट्टीत काळी माती, सरकीची लव आणि तुरीचं भूस मिळून एक गच्च थर बसतो, वाळला की विटेसारखा. तो आधी स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचा, मग जुन्या ब्रशने, मग रॉकेलच्या नाहीतर डिझेलच्या फडक्याने पुसून घ्यायचा. यापुढे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो होतो. साफ पट्टीत भरपूर ग्रीस नाहीतर काढलेलं इंजिन ऑइल ओततात. दोन दिवस दार लोण्यासारखं सरकतं. पण आपल्याकडची धूळ त्या ग्रीसमध्ये बसली की त्याचं पॉलिश पेपरसारखं होतं आणि रोलर आणखी लवकर झिजतो. पट्टी कोरडीच ठेवावी, फार तर सिलिकॉन स्प्रेचा हात फिरवावा. ग्रीस फक्त रोलरच्या पिनेला, तेही बोटाच्या टोकावर येईल एवढंच.

दार सरकतं पण लागत नाही, किंवा लागलेलं वाटतं आणि खड्ड्यात उघडतं, हे वेगळं दुखणं आहे. इथे मिस्त्रीकडे जाण्याआधी पाच मिनिटांची तपासणी घरी करून पाहा. दार उघडं ठेवा. दाराच्या कडेला लॉकचा आकडा दिसतो, तो स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा. दोन वेळा ‘खट्’ झालं पाहिजे. पहिला खटका अर्धा लागल्याचा, दुसरा पूर्ण. आता हँडल ओढा. आकडा टुणकन सुटला तर लॉक ठीक आहे, दार जागेवरून सरकलंय. आकडा अर्ध्यात अडकला तर आत माती आणि वाळलेलं ग्रीस आहे. डिझेलने धुऊन थेंबभर तेल सोडलं की बहुतेक वेळा भागतं. हँडल ओढून काहीच हललं नाही तर आतली सळई किंवा तिची प्लॅस्टिकची क्लिप तुटलीय. क्लिप चिल्लर पैशांत येते, पण ती नाही म्हणून लोक अख्खं लॉक बदलून घेतात. एक मात्र विसरू नका: तपासून झाल्यावर आकडा परत उघडायचा, मगच दार लावायचं. नाहीतर बंद आकडा खांबावरच्या खुंटीवर आदळतो आणि चांगलं लॉकही वाकतं.

दार जागेवरून सरकलं असेल तर खांबावरची ती खुंटी पाहा. तिच्या एकाच बाजूला रंग उडून लोखंड चकाकत असेल तर आकडा तिथे घासतोय. बोल्ट ढिले करण्याआधी खुंटीभोवती खडूने रेघ मारून घ्या, म्हणजे बिघडलं तर मूळ जागा सापडते. मग एक-दोन मिलिमीटरच हलवा. पण रोलर झिजलेला असताना खुंटी हलवू नका. आमच्या मिस्त्रीने मला यावरूनच झापलं होतं: “दरवाजा खाली बसून रायला अन् तुमी खुंटी खाली करून रायले. उद्या जमीन खाली कराल काय, भाऊ?”

आतलं हँडल चालतं का, हे प्रत्येक दाराला स्वतः आत बसून, दार लावून पाहा. मधल्या रांगेतल्या माणसांना बाहेर पडायला दोन्ही बाजूंची सरकती दारंच असतात. हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण आमच्या भागात घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरण्याचे उद्योग अजून संपलेले नाहीत. ते बेकायदा आहेच, आणि आग लागली तर आतून न उघडणारं दार म्हणजे काय, हे सांगायला नको. गाडीला गॅसकिट असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का आणि टाकीच्या चाचणीची मुदत संपली का, तेही याच वेळी बघून घ्या. आणि दार पूर्ण उघडल्यावर मागे अडकून राहतं का, हे उताराकडे तोंड करून गाडी उभी करून पाहा. न अडकणारं दार अशा वेळी आपोआप पुढे येतं आणि तिथे नेमकी लेकराची बोटं असतात.

पुढच्या दारांचं थोडक्यात. बिजागरीची पिन झिजली की दार लोंबतं. उघडून वर उचललं की कळतं. काच वाकडी चढत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचं रबर उन्हाने कडक झालंय, हँडलशी कुस्ती करू नका. सगळ्याच दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी दारात साचतं आणि पत्रा आतून सडतो. दार हलवल्यावर आत डचमळल्यासारखा आवाज आला तर हेच. तुराटीची काडी घालून भोकं मोकळी करा. लग्न मेमध्ये असलं तरी परत येऊन महिन्याभरात मृग लागतो.

मागच्या डिकीचे दोन गॅसचे दांडे म्हातारे झाले की डिकी डोक्यात बसते. दुपारच्या उन्हात दांडे ताठ असतात, म्हणून तेव्हा तपासू नका. आतला गॅस थंडीत दाब सोडतो, तेव्हा पहाटे उघडून पाहा. आमच्याकडे वखराचा मोडका दांडा टेकू म्हणून वर्षभर डिकीतच होता. शेवटी दोन्ही दांडे बदलले. एकच बदलला तर डिकी वाकडी बसते.

आता इंजिन. या बांध्याच्या व्हॅनमध्ये, ओमनी असो की ईको, इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे ड्रायव्हरच्या मांडीला लागणारी धग हीसुद्धा एक सूचना असते. रोजच्यापेक्षा जास्त चटका बसला तर तापमानाच्या काट्याकडे बघा. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पाहायचं, झाकणाचं रबर फाटलंय का पाहायचं, पाण्याचे पाइप दाबून पाहायचे. फुगलेला, चिकट किंवा टोकाला चिरलेला पाइप बदलायचा. मग गाडी उभ्यावर वीसेक मिनिटं चालू ठेवून फॅन आपोआप लागतो का, याची वाट पाहायची. फॅन लागला नाही आणि काटा चढत राहिला तर तीच गाडी पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारी मूर्तिजापूर गाठेल, असं समजू नका. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका, गाडी तापणार नाही, असं सांगणारे मिस्त्री प्रत्येक गावात आहेत. मी ऐकत नाही. बिघडला असेल तर नवा बसवतो.

पाण्याचं मात्र नीट ऐका. मूर्तिजापूरपासून पुढे दर्यापूर-अंजनगावपर्यंतचा रस्ता पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातून जातो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ते सोसलं. गाडीला कशाला सोसायला लावता? वाटेत गाडी तापली की धाब्यावरच्या बोअरची बादली ओततात, त्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात आणि गंज चढतो. मी एकदा तेच केलं. पुढच्या वर्षी रेडिएटर उघडला तर आत चहाच्या पातेल्याच्या बुडासारखा पांढरा थर. त्यानंतर कुलंट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं मिसळून पाच लिटरची कॅन सोबत ठेवतो. त्या कॅनवर काळ्या मार्करने ‘गाडीचं’ असं लिहिलंय, कारण एकदा पाहुण्यांनी तोंड धुतलं. तापलेल्या गाडीचं झाकण लगेच उघडायचं नाही. सीट उचलून ठेवायची आणि अर्धा तास लिंबाखाली बसायचं.

बाकीचं भराभर. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा बुरा गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवायचा. व्हॅन कोठ्याजवळ उभी राहत असेल तर उंदराने वायर कुरतडलीय का बघायचं. गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘खट्’ वाजलं तर मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा, क्रॉस (सांधा) गेलाय. मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतील तर एखादा तुटलाय का, ते वाकून पाहा. आठ माणसं बसल्यावर ते पाहायला उशीर झालेला असतो. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल आणि बेल्ट कधी बदलला हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर बदलायची वेळ झालीच आहे. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. हवा सकाळी, टायर थंड असताना. स्टेपनीत हवा आहे का, आणि जॅकचा दांडा गाडीतच आहे का. आमचा विहिरीच्या मोटारीपाशी सापडला.

ब्रेकवर मात्र थांबायला हवं, कारण लग्न झालं की दुसऱ्या दिवशी पोरं चिखलदरा म्हणणार, हे ठरलेलं. परतवाड्याहून तीसेक किलोमीटर आणि घाट सुमारे १,१०० मीटरवर नेतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असलं की सलग ब्रेक दाबून ते तापतं, त्यात वाफ धरते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून ते बदलून घेतलं आणि मागचे लायनर पाहून घेतले. उतरताना दुसरा गिअर, आणि ‘न्यूट्रलवर पेट्रोल वाचतं’ म्हणणाऱ्या मेहुण्याला मागच्या सीटवर. क्लच केबलचा असेल तर एक नवी केबल सोबत ठेवा. ती तुटते तेव्हा चढावरच तुटते.

कागदांचं एका संध्याकाळी होतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. आमची २०२४ला पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून घेतली आहे. विमा आणि पीयूसी यांच्या तारखा पाहायच्या. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट लावलेली हवी.

सोबतच्या पिशवीत दहा-बारा-चौदाचे पाने, पक्कड, तार, इन्सुलेशन टेप, फ्यूज, टॉर्च, कॅन आणि एक दावं. दावं आता आमचं स्वतःचं आहे.

येत्या रविवारी दारं घेतोय. मधला रोलर अमरावतीहून मागवलाय, शनिवारच्या एसटीने येईल. भाच्यालाही बोलावलंय. रोलर त्यालाच बसवायला लावणार आहे, आणि बसवून झाल्यावर दार पन्नास वेळा उघडून लावायचं, हिसका न देता. मोजायला माय ओसरीत बसणार आहे.