मॅजिकमध्ये उंदरांचा डेक लावताय? मग या चुका टाळा

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातले उंदीर मला मनापासून आवडतात आणि म्हणूनच चांगला जमवलेला उंदरांचा डेक साध्या हिशोबाच्या चुकीमुळे पडलेला बघवत नाही. एकटा उंदीर म्हणजे १/१ किंवा २/२ (पहिला आकडा पॉवर, दुसरा टफनेस), त्याला कोण घाबरतंय, सगळं बळ संख्येत आहे. पण इथंच गोम आहे, कारण प्रत्येक कार्ड वेगळं काहीतरी मोजतं, कोणी नाव मोजतं, कोणी क्रीचर टाइप, कोणी फक्त तुमचे उंदीर तर कोणी टेबलावरचे सगळ्यांचे. डेक का चालत नाहीये हे कळत नसेल तर आधी हे तपासा.

रिलेंटलेस रॅट्स आणि रॅट कॉलनी एकच समजणं

दोन्हींवर लिहिलेलं असतं की हे कार्ड डेकमध्ये कितीही घाला, म्हणजे ६० कार्डांच्या डेकमधली चारची मर्यादा पण लागू नाही आणि कमांडर या १०० कार्डांच्या खेळप्रकारातला एकेकच कार्डचा नियम पण नाही. म्हणून लोक दोन्ही अर्धे अर्धे घालतात आणि मग म्हणतात डेकमध्ये दम नाही.

फरक बघा. रिलेंटलेस रॅट्स २००४ च्या फिफ्थ डॉनमधलं, तीन मानाचं (माना म्हणजे लँड कार्डांतून मिळणारी, कार्ड खेळायची किंमत), त्यातले दोन काळेच लागतात, २/२, आणि बॅटलफील्डवर रिलेंटलेस रॅट्स याच नावाचा जो जो दुसरा क्रीचर असेल त्याच्यामागे +१/+१. रॅट कॉलनी २०१८ च्या डॉमिनारियातलं, दोन मानाचं, २/१, आणि तुमच्याकडच्या प्रत्येक दुसऱ्या उंदरामागे +१/+०. म्हणजे कॉलनीला टोकन (दुसऱ्या कार्डांनी तयार केलेले क्रीचर) चालतात, चेंजलिंग (सगळ्या क्रीचर टाइपचे एकदम असणारे) चालतात, नेझुमी म्हणजे कामिगावाच्या उंदरांपैकी निन्जा चालतात, टाइप लाइनवर रॅट असलं की झालं. रिलेंटलेसला यातलं काहीच मोजता येत नाही, त्याला फक्त स्वतःचं नाव कळतं, पण समोरच्याकडे रिलेंटलेस असतील तर तेही मोजले जातात. दोन्ही मिसळले तर कॉलनी मोठी होते आणि रिलेंटलेस तिथेच राहतात, त्यामुळे एकच मुख्य उंदीर ठरवा. टोकन बनवणारी कार्डं जास्त असतील तर कॉलनी, नुसत्या त्याच उंदरांची भिंत उभी करायची असेल तर रिलेंटलेस.

आता दुसरी बाजू, कॉलनीचा टफनेस कधीच वाढत नाही. दहा उंदीर असले तरी प्रत्येक जण ११/१ आणि सगळ्या क्रीचरना एक डॅमेज देणारं कुठलंही कार्ड आलं की सगळे एकदम साफ. पॉपरमध्ये (फक्त कॉमन कार्डांच्या खेळप्रकारात) तर हे काम क्रिप्ट रॅट्स करतात, जे स्वतः उंदीरच आहेत, एक्स इतकं (जितका माना द्याल तितकं) डॅमेज प्रत्येक क्रीचरला आणि प्रत्येक खेळाडूला. ते तुम्ही स्वतःच्या कॉलनी डेकमध्ये घातले असतील तर लक्षात ठेवा की तो एक्स तुमच्या बोर्डावर आणि तुमच्या लाइफवर पण पडतो, आणि एक्ससाठी फक्त काळा माना चालतो.

रिलेंटलेसचा धोका वेगळा आहे आणि तो जास्त फसवतो. चार रिलेंटलेस म्हणजे चारही ५/५. एकाला कॉम्बॅटमध्ये चार डॅमेज बसलं, वाचला, छान. मग समोरच्याने त्याच टर्नला दुसराच एक उंदीर मारला, सगळे ४/४ झाले, आणि ज्याच्यावर चार डॅमेज आधीच आहे तो पण गेला, आणि मग उरलेले दोघं ३/३. एका कार्डात दोन गेले. म्हणून समोरच्याकडे उघडे माना असतील तेव्हा ब्लॉक किंवा अटॅक ठरवताना टफनेस एकाने कमी धरूनच हिशोब करा.

मॅरो-नॉअरचा हिशोब

चॅम्पियन्स ऑफ कामिगावामधला हा नेझुमी बॉस उंदरांच्या डेकचा जुना राजा आहे. टॅप करा (कार्ड आडवं करा), एक उंदीर सॅक्रिफाइस करा (बळी द्या), आणि तुमच्याकडे जितके उंदीर तितके १/१ टोकन मिळवा. चूक अशी होते की लोक सॅक्रिफाइस करायच्या आधीचे उंदीर मोजतात. सॅक्रिफाइस ही किंमत आहे, ती आधी द्यावी लागते, आणि आकडा अबिलिटी रिझॉल्व्ह होताना, म्हणजे तिचा परिणाम होताना, बघितला जातो. नॉअर धरून चार उंदीर असतील तर एक गेला, तीन उरले, तीन नवे आले, एकूण सहा. समोरच्याने मध्येच अजून एक मारला तर दोनच येणार.

कधी वापरायचं हेही महत्त्वाचं आहे. अबिलिटीत टॅप आहे म्हणून आल्या आल्या वापरता येत नाही, समनिंग सिकनेस (तुमची पुढची टर्न येईपर्यंत थांबणं) लागतोच. आणि एकदा मोकळा झाला की तुमच्या टर्नला वापरण्यापेक्षा समोरच्याच्या टर्नच्या शेवटी वापरा, म्हणजे टोकन तुमच्या टर्नला लगेच अटॅक करू शकतात आणि नॉअर अनटॅप होऊन परत तयार.

आणि हो, तो सगळ्याच उंदरांना फिअर देतो, फक्त तुमच्या नाही. समोर पण उंदीर असतील तर त्यांनाही. शिवाय समोर काळा डेक असेल तर फिअरचा उपयोग जवळपास शून्य, काळे क्रीचर आणि आर्टिफॅक्ट क्रीचर खुशाल ब्लॉक करतात. तिथे पायपर ऑफ द स्वॉर्म घाला, तो तुमच्या उंदरांना मेनेस देतो, म्हणजे ब्लॉक करायला दोन तरी क्रीचर लागतात. फक्त पायपर स्वतः उंदीर नाही, माणूस आहे, तसंच ओगर स्लमलॉर्ड पण ओगर आहे, त्यांना उंदरांच्या मोजणीत धरू नका.

नॉअरला वाचवायला स्वॉर्मयार्ड हे उंदराला रीजनरेट करणारं लँड सगळे घालतात, बरोबरच आहे, पण रीजनरेट आधी करून ठेवावं लागतं, ते फक्त डिस्ट्रॉयपासून आणि मारून टाकणाऱ्या डॅमेजपासून वाचवतं, एक्झाइल (खेळातून बाहेर काढणं), सॅक्रिफाइस किंवा टफनेस शून्य झाला तर काही कामाचं नाही, आणि ज्याला वाचवलं तो टॅप होऊन कॉम्बॅटमधून बाहेर जातो. अटॅक करणाऱ्याला कॉम्बॅट डॅमेज व्हायच्या आधीच असं वाचवावं लागलं तर त्याचं डॅमेज विसरा.

सगळे टोकन सारखे नसतात

२०२३ च्या वाइल्ड्स ऑफ एल्ड्रेनमधले उंदीर टोकन ब्लॉक करू शकत नाहीत. लॉर्ड स्किटर दर टर्नला तुमच्या कॉम्बॅटच्या सुरुवातीला असा एक देतो, बोर्ड भरलेला दिसतो, आणि समोरच्याने सरळ अटॅक केला की कळतं की ब्लॉकर एकच आहे, खुद्द स्किटर. नॉअरचे आणि पायपरचे टोकन मात्र ब्लॉक करतात, त्यामुळे दोन्ही जाती एकाच डेकमध्ये असतील तर टेबलावर त्यांचे वेगळे ढीग ठेवा. काही जण या टोकनांना डिकेड समजून अटॅकनंतर सॅक्रिफाइस करून टाकतात, तसं काही नाहीये, ते परत परत अटॅक करतात.

आपलीच कार्डं आपल्या पायात येणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण प्रत्येक कार्ड चांगलं आहे म्हणून घेतलेलं असतं आणि एकत्र आल्यावर भांडतात. इंक-आइज ही उंदीर निन्जा समोरच्याच्या ग्रेव्हयार्डमधून (मेलेल्या आणि टाकलेल्या कार्डांच्या ढिगातून) क्रीचर तुमच्या बाजूला आणते. लॉर्ड स्किटर तेच ग्रेव्हयार्ड रिकामं करतो, दुसरा उंदीर आला की तिथलं एक कार्ड एक्झाइल. आणि ब्लूमबरोमधला व्रेन तर समोरच्याचे क्रीचर मरूच देत नाही, थेट एक्झाइल करतो आणि त्या संख्येइतके टोकन बनवतो. तिघं एकत्र घातले की इंक-आइजला उचलायला काही उरत नाही.

उपाय आहे. स्किटरच्या कार्डावर एकापर्यंत असं लिहिलंय, म्हणजे टार्गेट शून्य निवडता येतं, चांगला क्रीचर ग्रेव्हयार्डमध्ये असेल आणि इंक-आइज हातात असेल तर मुद्दाम काहीच निवडू नका किंवा एखादं फालतू कार्ड काढा. व्रेनबरोबर इंक-आइज खेळायचीच असेल तर मारून नाही, डिस्कार्ड करवून ग्रेव्हयार्ड भरा, ओकिबा-गँग शिनोबी एका फटक्यात दोन कार्डं टाकायला लावतो आणि त्यावर व्रेनचं काही चालत नाही. ओगर स्लमलॉर्डचं पण व्रेनशी जमत नाही, त्याला क्रीचर मरायला हवेत आणि व्रेन असताना समोरचे मरतच नाहीत, मग फक्त तुमचे मेले तरच टोकन. कमांडरमध्ये डेकचा म्होरक्या व्रेन असेल तर स्लमलॉर्ड सरळ काढा.

कॅरुमॉनिक्स आणि टॉक्सिक

कॅरुमॉनिक्स हा उंदरांचा राजा असताना तुमच्या बाकी उंदरांना टॉक्सिक १ मिळतं, म्हणजे उंदीर खेळाडूला लागला की त्याला एक पॉयझन, आणि दहा पॉयझन झाले की तो हरला. पॉवरइतके पॉयझन मिळतात असं समजू नका, ते इन्फेक्टचं काम. ९/१ कॉलनी लागली तर नऊ डॅमेज आणि एकच पॉयझन. दहा पॉयझन हवेत तर मोठे उंदीर नकोत, खूप उंदीर हवेत, आणि ते ब्लॉक होता कामा नयेत. कॅरुमॉनिक्स आला की डेकच्या वरची पाच कार्डं बघून त्यातले हवे तेवढे उंदीर हातात घेऊ देतो, त्यामुळे डेकमध्ये खरी उंदीर कार्डं भरपूर हवीत, टोकन बनवणारी जादू या मोजणीत येत नाही.

निन्जुत्सूची वेळ

निन्जुत्सू म्हणजे ब्लॉक न झालेला अटॅकर हातात परत घेऊन त्याच्या जागी हातातला निन्जा उतरवणं. वेळ कोणती? ब्लॉकर जाहीर झाल्यावर, डॅमेज व्हायच्या आधी. आधी जमत नाही, नंतर केलं तर निन्जा येतो पण मारत नाही, आणि न मारता त्याचा काही फायदा नाही. टोकन परत हातात घेतलं तर ते नाहीसंच होतं, ते कधी कधी परवडतं, पण रॅव्हनस रॅट्ससारखं उतरताना डिस्कार्ड करवणारं कार्ड परत घेतलं तर ते पुन्हा टाकून पुन्हा डिस्कार्ड मिळतो. पहिल्या टर्नला टायफॉइड रॅट्स टाका, डेथटचमुळे (त्याचं डॅमेज लागलेला क्रीचर मरतोच) त्याला ब्लॉक करायला कोणी पुढे येत नाही, आणि मग थ्रोट स्लिटरसाठी रस्ता मोकळा. निन्जुत्सूने आलेला निन्जा कास्ट होत नाही, म्हणून नेहमीचं काउंटरस्पेल त्याला अडवत नाही, पण थ्रमिंग स्टोनचा रिपल (कास्ट करताना डेकच्या वरच्या कार्डांतली त्याच नावाची फुकट खेळू देणारा) पण त्यावर चालत नाही, रिपलला कास्टच लागतो.

पॅक रॅट

२०१२ च्या रिटर्न टू रॅव्हनिकामधलं हे कार्ड एकटं गेम जिंकतं, म्हणून लोक घाईने सगळा हात त्यात जाळतात. तीन माना देऊन हातातलं एक कार्ड डिस्कार्ड केलं की एक कॉपी, आणि तुमच्याकडे जितके उंदीर तितकीच प्रत्येकाची पॉवर आणि टफनेस, ठीक आहे, पण त्यासाठी लँड डिस्कार्ड करू नका, निदान एका टर्नला दोन कॉपी करता येतील इतके, म्हणजे सहा लँड बोर्डावर होईपर्यंत. आणि मोकळे तीन माना ठेवून बसा. दोन पॅक रॅट असताना दोन डॅमेजचं स्पेल आलं तर लगेच तिसरा बनवा, सगळे ३/३ होतात आणि टार्गेट वाचतं. एकच असेल तर दुसरा बनवूनही २/२ च होतो, पहिला जाणारच, पण नवीन टोकन तरी उरतं.

लँड कमी घालणं आणि एकाच नावावर सगळं लावणं

उंदीर कमी मानाचे म्हणून लँड कमी चालतील हा गैरसमज आहे. दर टर्नला दोन दोन उंदीर टाकायचे तर माना लागतोच. कमांडरमध्ये तीसेक कॉलनी असतील तरी मी ३५ च्या आसपास लँड ठेवायला सांगेन, उरलेल्यात कार्ड ड्रॉ आधी आणि बाकी सगळं नंतर, कारण बोर्ड साफ झाल्यावर हातात काही नसेल तर गेम तिथेच संपतो.

एकाच नावाला मारणारी कार्डं पण आहेत. मेलस्ट्रॉम पल्स तीन मानाला त्या नावाचे सगळे उडवतं, एकोइंग डिके त्या नावाच्या सगळ्या क्रीचरना -२/-२ देतं म्हणून कॉलनी पूर्ण जाते (रिलेंटलेस मोठे झाले असतील तर तग धरतात), आणि एका नावाचं सगळं हातात परत पाठवणारं एकोइंग ट्रुथ टोकनांवर मारलं तर ‘रॅट टोकन’ या नावाचे सगळे एकदम गायब, मग ते ब्लॉक करणारे असोत नाहीतर नसोत. अशी कार्डं समोर दिसली तर सगळे उंदीर एकदम उतरवू नका, दोन-तीन कॉलनी हातात ठेवा आणि बोर्डावर चिटरिंग रॅट्स, टायफॉइड रॅट्स असे वेगळ्या नावाचे चार-पाच उंदीर राहतील असं बघा, कॉलनीला ते पण मोजता येतात.