पिकअपच्या सस्पेन्शनची खडखड जात नाही? या चुका टाळा

गाडीखालून खडखड सुरू झाली की पहिला बळी जातो शॉकअपचा. नवी जोडी बसते आणि आवाज तसाच राहतो. शॉकअप गेला असेल तर त्यातून तेल गळतं किंवा खड्डा ओलांडल्यावरही गाडी झुलत राहते. यातलं काहीच नसेल तर फक्त त्याचे बुश (जोडांमधली रबरं) आणि बोल्ट तपासा. खर्च थांबवा, आधी ऐका.

छोट्या उंचवट्यांवर टकटक होत असेल तर स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर, म्हणजे तो दांडा चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या छोट्या रॉडवर संशय घ्या. हळू चालताना कुईकुई येत असेल तर पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी झुलती कडी) किंवा पाट्यांमधले झिजलेले पॅड बघा. रिव्हर्समधून पुढे घेताना ठक्कन वाजलं तर आधी प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद एक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा तपासा. तो सस्पेन्शनचा भागच नाही. ब्रेकवर हलका पाय ठेवताच खुळखुळ थांबली तर दोष ब्रेक पॅडकडे आहे. गाडी रिकामी असतानाच आवाज येत असेल तर फाळका (हौद्याची उघडणारी फळी), स्टेपनी आणि जॅकची जागा आधी पाहा.

सर्वांत जास्त फसगत लिंक रॉडमध्ये होते. एकच चाक जॅकवर उचलतात, रॉड हलवून बघतात आणि तो घट्ट लागला की 'ठीक आहे' म्हणून पुढे जातात. पण एक चाक उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि त्या ताणामुळे झिजलेला जॉइंटही घट्टच लागतो. दोन्ही चाकं जमिनीवर असताना, किंवा दोन्ही सारखीच लटकत असताना, रॉड मुठीत धरून झटके द्या. तरी शंका उरली तर दोन्ही लिंक सोडून नीट बांधा आणि मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून बघा. आवाज गेला तर चोर सापडला.

नवा बुश लवकर फाटतोय? मग तो बसवताना चाक लटकत असतानाच बोल्ट आवळला असणार. गाडी चाकांवर उभी राहिली की ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करा. कुईकुई थांबवायला बुशवर इंजिन ऑइल किंवा डिझेल मारू नका, रबर फुगून मऊ पडतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस लावा.

मागच्या बाजूला टॉर्च मारून पाटे आणि एक्सल जिथे टेकतात ती जागा निरखा. तिथे तांबूस भुकटी किंवा घासून चकाकलेली कड दिसली तर पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले आहेत, कदाचित पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्टही तुटलाय. नवे यू-बोल्ट काही शे किलोमीटर चालल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेच लागतात. हे काम बहुतेक जण विसरतात.

बॉल जॉइंटच्या, म्हणजे चाकाची बाजू सस्पेन्शनच्या आर्मला जोडणाऱ्या गोल सांध्याच्या बाबतीत मात्र चालढकल नको. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली लावा, चेसीखाली स्टँड द्या आणि टॉमीने (लोखंडी पहारीने) चाक वर-खाली उचकटून बघा. कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्ले (ढिलेपणा) असेल तर जॉइंट बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. तो निखळला तर चाक कोलमडतं आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.