कुत्र्यासाठी घरी टर्की किंवा चिकनचं जेवण करताय? हाडाकडे आणि कांद्याकडे लक्ष द्या

टर्की आपल्या नागपुरात कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे सहज मिळत नाही, मिळाली तर उत्तमच, नाहीतर बिनहाडाचं चिकन घ्या, पद्धत तीच. कातडी आणि चरबी काढून टाका, जास्त चरबीनं कुत्र्यांना स्वादुपिंडाचा त्रास होतो आणि तो फार वाईट असतो. खिमा साध्या पाण्यात पूर्ण शिजवा, त्यात भात, गाजर, लाल कोहळं घाला, बस. मीठ-मसाला काहीच नको. आणि हो, घरी सावजी झालं की उरलेला रस्सा भातावर ओतून देतात ना, ते प्लीज बंद करा, कांदा-लसणानं कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवला म्हणून विष कमी होत नाही. शिजलेली हाडंपण नको, त्याचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटू शकतं.

आता हाड नाही म्हणजे कॅल्शियम नाही, आणि हेच बहुतेक जण विसरतात. अंड्याची टरफलं 10 मिनिटं उकळून वाळवा, मिक्सरमध्ये एकदम बारीक पीठ करा, अर्धा किलो खिम्याला साधारण अर्धा छोटा चमचा. तरी रोज हेच देणार असाल तर व्हेटकडून प्रमाण ठरवूनच घ्या, पिल्लू असेल तर नक्कीच, सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहेच. जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदला, नाहीतर जुलाब लागतात. आणि मे महिन्यात वाटीत उरलेलं लगेच उचला, आपल्या 45 डिग्रीत ते लवकर नासतं.